पडद्यावरचा पत्ता : विज्ञानकथा मालिकांतील खरी आणि काल्पनिक संकेतस्थळे

विज्ञानकथेतील घटना अशक्यप्राय असतात. तरीही प्रेक्षकाने त्या काही काळ मान्य कराव्यात, अशी तिची अपेक्षा असते. त्यासाठी ती नित्य परिचयाच्या वस्तूंचा आधार घेते. पूर्वी हे काम वर्तमानपत्राचे कात्रण किंवा शास्त्रज्ञाची रोजनिशी करीत असे. एकविसाव्या शतकातील दूरचित्रवाणी मालिकांत ते पुष्कळसे संकेतस्थळाकडे आले. त्याचा विचार आम्ही येथे दोन उदाहरणांच्या आधारे करीत आहोत.

पहिले उदाहरण ब्रिटनमधील. बीबीसीची १९६३ साली सुरू झालेली ‘डॉक्टर हू’ ही मालिका दीर्घ खंडानंतर २६ मार्च २००५ रोजी पुन्हा सुरू झाली. त्या भागात रोज ही तरुणी एका गूढ माणसाचा संगणकावर शोध घेते. नुसता ‘डॉक्टर’ हा शब्द तिला कोठेच नेत नाही; ‘निळी पेटी’ हे शब्द जोडल्यावर मात्र क्लाइव्ह नावाच्या गृहस्थाचे संकेतस्थळ सापडते. क्लाइव्ह काल्पनिक होता, ते शोधयंत्रही काल्पनिक होते. परंतु क्लाइव्हचे संकेतस्थळ बीबीसीने खरोखर उघडले होते. पुढे २३ एप्रिलच्या भागात एका लष्करी संघटनेच्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्द ‘बफेलो’ असल्याचे कळते. तोच शब्द वापरून प्रेक्षकांनाही घरच्या संगणकावर त्या संघटनेच्या ‘गुप्त’ पानांपर्यंत पोहोचता येत असे. पाहणारा अशा रीतीने कथेचा सहभागी झाला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ‘लॉस्ट’ या मालिकेचे. एबीसी वाहिनीवर २००४ मध्ये सुरू झालेल्या या कथेत ओशियानिक कंपनीचे विमान एका बेटावर कोसळते. त्या कथेतील ‘हान्सो फाउंडेशन’ या संस्थेचे संकेतस्थळ प्रत्यक्षात निर्माण करण्यात आले. मे २००६ मध्ये ‘बॅड ट्विन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा लेखक म्हणून विमानातील एका काल्पनिक प्रवाशाचे नाव छापले होते. लगेच या कादंबरीचा निषेध करणाऱ्या हान्सो फाउंडेशनच्या जाहिराती खऱ्या वर्तमानपत्रांत झळकल्या. काल्पनिक संस्था काल्पनिक लेखकाशी खऱ्या कागदावर भांडत होती!

येथे एक तांत्रिक प्रश्नही उद्भवतो. अमेरिकी चित्रपटांत दूरध्वनी क्रमांक ५५५ या आकड्यांनी सुरू होतो, कारण त्यातील काही क्रमांक कथांसाठी राखलेले आहेत. एरवी प्रेक्षकांनी कोणा अनोळखी माणसाला फोन करून हैराण केले असते. संकेतस्थळांच्या बाबतीतही १९९९ मध्ये ‘एक्झाम्पल डॉट कॉम’सारखी काही नावे उदाहरणांसाठी राखण्यात आली. पण असे नाव पडद्यावर खोटे वाटते. म्हणून निर्माते स्वतःच एखादा पत्ता नोंदवून ठेवतात. ही नोंदणी ठरावीक मुदतीची असते. तिचे नूतनीकरण न झाल्यास तोच पत्ता दुसऱ्या कोणाच्याही हाती जाऊ शकतो. कथा तशीच राहते, पत्त्यामागचा माणूस मात्र बदलतो.

यातून विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी घ्यावयाचा बोध मनोरंजनापुरता मर्यादित नाही. बोधचिन्ह, संस्थेचा परिचय, संपर्काची चौकट या गोष्टी कथाकार जितक्या सहज उभ्या करतो, तितक्याच सहज त्या फसवणारा माणूसही उभ्या करतो. कथाकाराचा हेतू रंजनाचा असतो आणि बहुतेक प्रेक्षकांना तो ठाऊक असतो, एवढाच काय तो फरक. म्हणून संकेतस्थळ ‘दिसते कसे’ हे विचारण्यापूर्वी ते चालवितो कोण, त्याला आपल्याकडून काय हवे आहे आणि त्याच्या म्हणण्याला स्वतंत्र दुजोरा कोठे मिळतो, हे विचारावे.

यांतील ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हान्सोचे संकेतस्थळ, ती जाहिरात आणि ती कादंबरी असे तीन साक्षीदार प्रेक्षकापुढे उभे होते. परंतु एबीसी वाहिनी आणि कादंबरीची प्रकाशनसंस्था या दोन्ही तेव्हा डिस्ने कंपनीच्याच मालकीच्या होत्या. साक्षीदार तीन दिसले, तरी बोलविता धनी एकच होता.