शाळेच्या वाटेवर भेटणारे प्राणी
(इयत्ता तिसरी व चौथीसाठी परिसर अभ्यासाचा पाठ)

प्राण्यांविषयीचा पाठ बहुधा भिंतीवरील तक्त्यापासून सुरू होतो. तक्त्याच्या एका बाजूस पाळीव प्राणी, दुसऱ्या बाजूस रानटी. गाय गोठ्यात राहते, सिंह गुहेत राहतो. मुले ते पाठ म्हणतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु पनवेल व उरण तालुक्यांतील मुलास सिंह कधी भेटत नाही. त्यास भेटतो तो गटाराच्या कडेने जाणारा दिवड, उकिरड्यापाशी झोपलेला कुत्रा, ओहोटीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी, आणि एखाद्या पहाटे कांदळवनातून बाहेर आलेला कोल्हा. ज्या प्राण्यांशी त्याची रोज गाठ पडते, ज्यांच्यामुळे प्रसंगी त्याच्या जिवावर बेतते, त्यांच्याविषयी त्यास शाळेत फारसे काही सांगितले जात नाही. ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

या भागाची जडणघडण शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्यावी. सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचे काम सुरू झाले. जेथे भाताची खाचरे व मिठागरे होती तेथे भराव पडले, रस्ते झाले, इमारती उठल्या. शहर आले म्हणजे जनावरे निघून जातात असा सर्वसाधारण समज असतो. तो येथे खरा ठरलेला नाही. एका अंगास खाडी व कांदळवन, दुसऱ्या अंगास पारसिक व खारघरचे डोंगर, आणि पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य, अशी ही भूमी आहे. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत स्थान मिळाले. ज्या खाडीवर असे पाहुणे येतात तिच्याच काठी मुले गोट्या खेळतात.

पाठाचा प्रारंभ एका साध्या प्रश्नाने करावा : “आज शाळेत येताना वाटेत कोण कोण भेटले?” पहिल्या दिवशी उत्तरे तुटपुंजी येतील. मुलांस वाटते की कावळा, कुत्रा आणि म्हैस ही काही सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. म्हणून घाई न करता आठ दिवस हाच प्रश्न रोज विचारावा. दरम्यान वर्गाच्या जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढून घ्यावा व जेथे जो प्राणी दिसला तेथे त्याचे चित्र मुलांकडून काढवून घ्यावे. आठवड्याअखेर नकाशा आपोआप बोलू लागतो. कुत्री मासळी बाजारापाशी व उकिरड्यावर दाटलेली दिसतात. साप पेंढ्याच्या उडव्या, विटांचे ढीग व कोंबड्यांची खुराडी यांच्याजवळ. घारी मासे सुकविण्याच्या जागेवर. “असे का?” हा दुसरा प्रश्न तेव्हा विचारावा. सांडलेल्या दाण्यावर व कचऱ्यावर उंदीर येतो, उंदरामागे साप येतो, हे सूत्र मुलांच्या तोंडून बाहेर पडले पाहिजे. ते शिक्षकाने सांगून टाकल्यास पाठाचा अर्धा रस निघून जातो.

कोल्ह्याविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. गोष्टींच्या पुस्तकांतील चित्रांत तांबूस रंगाचा, झुपकेदार पांढऱ्या टोकाच्या शेपटीचा जो प्राणी काढतात तो विलायती खोकड होय. चित्रकारांनी तो परदेशी पुस्तकांतून उचललेला असतो. आपला कोल्हा करड्या-पिवळसर रंगाचा, उंच पायांचा, कुत्र्याच्या कुळातील प्राणी आहे. ऐरोली, वाशी, खारघर या बाजूच्या कांदळवनांत तो आजही वस्ती करून आहे व खेकडे, उंदीर, मेलेले मासे खाऊन राहतो. ज्या मुलाने तो पाहिला आहे त्याने पुस्तकातील चित्र चुकीचे ठरविले, तर शिक्षकाने त्या मुलाची बाजू घ्यावी. मात्र दिवसाढवळ्या माणसास न बुजता जवळ येणारा कोल्हा बहुधा आजारी असतो, त्यापासून दूर राहावे, हेही त्याच वेळी सांगावे.

आता सर्पाकडे वळावे. भारतात सन २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार. यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी जातींची चित्रे वर्गात लावावीत. त्यांच्याशेजारी धामण, दिवड व कवड्या या बिनविषारी सापांची लावावीत. चित्रे लावण्याचा उद्देश मुलांनी साप ओळखून हाताळावा असा नव्हे. कवड्या आणि मण्यार यांतील भेद मोठ्यांसही घाईत कळत नाही. दिसेल तो साप दुरून पाहावा, त्यास वाट द्यावी व मोठ्या माणसास हाक मारावी, एवढेच मुलाचे काम. घरात साप निघाल्यास वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. साप मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते.

मण्यारीसंबंधी विशेष सावध करणे जरूर आहे. ती रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्यांस चावते. दंशाची वेदना जवळजवळ नसते, सूजही येत नाही. त्यामुळे मूल पहाटे पोट दुखते म्हणून उठते, त्याच्या पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देत बसतात. पावसाळ्यात सकाळी शाळेत आलेले मूल असे पेंगुळलेले दिसले व त्याच्या पापण्या वर उचलत नाहीत असे आढळले, तर त्यास आळशी ठरवून बाकावर उभे करू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपल्यास हा धोका पुष्कळच टळतो.

दंश झाल्यावर काय करावे हे थोडके आहे. मुलास धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, कडे, पैंजण काढावे. हात वा पाय फळी लावून, हाड मोडले असता ठेवतात तसा स्थिर ठेवावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि तिला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. जखम चिरू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, मंत्र उतरविण्यात वेळ दवडू नये. साप बिनविषारी असतो तेव्हा मांत्रिकास यश येते, आणि त्या यशावर त्याची कीर्ती चालते. ही गोष्ट गावातील वडीलधाऱ्यांस न दुखवता पण स्पष्टपणे सांगण्याचे काम शिक्षकासच करावे लागते. प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून चावलेला साप मारून बरोबर नेण्याचे कारण नाही. आपल्या जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष आहे, याची चौकशी शिक्षकाने मृगाच्या आधीच करून ठेवावी.

विंचवाच्या बाबतीत या जिल्ह्याने जगास काही दिले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने घाम सुटून, हातपाय गार पडून मुले दगावत असत. त्यांनी रुग्णांशेजारी बसून लक्षणे टिपली व प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला; त्यानंतर असे मृत्यू फार कमी झाले. पायताण झटकून घालावे, लाकडे व दगड एकदम हाताने उचलू नयेत, आणि लाल विंचू चावल्यास घाम फुटण्याची वाट न पाहता मुलास दवाखान्यात न्यावे.

साप व विंचू यांची भीती मुलांस असतेच. ज्याची भीती नसते तो प्राणी म्हणजे कुत्र्याचे पिलू. मुले त्यास उचलतात, कुरवाळतात, त्याचे दात हातास लागतात. कोणी त्याचा विचार करीत नाही. पिलापासूनही पिसाळरोग होऊ शकतो, मांजरापासूनही होतो, आणि हा रोग एकदा प्रकट झाला की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. याउलट वेळेवर पूर्ण उपचार घेतल्यास तो टळतो. इतका मोठा भेद इतक्या लहानशा कृतीवर अवलंबून असल्याचे दुसरे उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडेल. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या मुलास ही लस प्रथम टोचण्यात आली व तो वाचला. त्याचे वय नऊ वर्षांचे, म्हणजे आपल्या चौथीतील मुलाएवढेच होते. ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे किती, ते वर्गात घड्याळ लावून दाखवावे. मुलांस तो वेळ फार मोठा वाटतो व म्हणूनच लक्षात राहतो. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. रक्त आले असेल तर जखमेत द्यावयाच्या औषधाचीही चौकशी करावी. पोटात चौदा सुया टोचतात ही धास्ती घराघरांत अजून आहे. ती जुनी लस वापरातून जाऊन वीस वर्षे होऊन गेली. आताच्या सुया दंडात देतात व त्या थोड्या असतात. खरी अडचण पुढे येते. पहिली सुई घेतली जाते, दुसरीच्या दिवशी आईस मजुरी बुडवता येत नाही, आणि तिसरी राहूनच जाते. म्हणून दवाखान्याने दिलेल्या तारखा शिक्षकाने हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे लाल शाईने लिहून ठेवाव्यात व त्या दिवशी स्वतः आठवण द्यावी.

पण तारखा लिहिण्यापूर्वी चावा कळला पाहिजे, आणि मुले तो लपवितात. कोणी कुत्र्यास दगड मारलेला असतो, कोणी जाऊ नको म्हटलेल्या वाटेने गेलेला असतो. घरी सांगितले तर मार बसेल, असा त्यांचा हिशेब असतो. अशा मुलाने कधी धीर करून बाही वर केली, तर “तू तिकडे कशाला गेला होतास?” हा प्रश्न शिक्षकाने विचारू नये. तो एक प्रश्न वर्गातील सर्व मुलांची तोंडे वर्षभरासाठी बंद करतो. “कधी चावला? चल, आधी हात धुऊ,” एवढेच म्हणावे. बोलणे नंतर होईल. ज्या वर्गात वाटेवरचे प्राणी रोज विचारले जातात तेथे मूल कोल्हा सांगते, घार सांगते, आणि त्याच ओघात कुत्रा चावल्याचेही सांगून जाते.

माकडांसंबंधी विस्ताराचे कारण नाही. डबा उघडा घेऊन हिंडू नये व त्यांच्याकडे पाहून दात विचकू नयेत, म्हणजे झाले.

पाठाच्या शेवटच्या दिवशी एक प्रात्यक्षिक घ्यावे. एका मुलास सर्पदंशाचा रुग्ण करावे. दोघांनी त्याच्या पायास पट्टी बांधावी, एकाने धावत जाऊन मोठ्या माणसास बोलवावे, एकाने वेळ लिहावी, चौघांनी त्यास खाटेवरून रस्त्यापर्यंत न्यावे. किती मिनिटे लागली ते फळ्यावर लिहावे. दुसऱ्या गटास तेच करावयास लावून वेळ ताडून पाहावा. खाट कोणाच्या घरची आणावयाची व गावात गाडी कोणाकडे आहे, हे मुलांनीच आधी ठरवून शाळेच्या दाराआड लिहून ठेवावे.