थंडीतला गळ
(पाठ आणि स्वाध्याय)



आपल्या संपादिकाबाईंनी आम्हाला गळ घातली, की या खेपेला विज्ञानाचा एक पाठ लिहा, मात्र तो मुलांनी शेवटपर्यंत वाचला पाहिजे. आम्ही पडलो संगणकवाले. दिवसभर पडद्याकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार? पण जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही चिरंजीवांसह मराठीचा वर्ग बुडवून मासे धरायला गेलो होतो. त्या बुडवलेल्या वर्गाची भरपाई म्हणून हा पाठ.

१. तळे

टेनेसी आणि केंटकी राज्यांच्या सीमेवर डेल हॉलो नावाचा मोठा जलाशय आहे. ओबी नदीवर १९४३ साली धरण पुरे झाले आणि हे तळे तयार झाले. विलो ग्रोव्ह नावाचे गाव त्याच्या पाण्याखाली गेले. कोयनेच्या पाण्याखाली आपल्याकडची गावे गेली, तसेच. पाणी खोल आणि स्वच्छ, काठाला उभे खडक. ‘स्मॉलमाउथ बास’ या माशाला असेच पाणी आवडते. जगातला सर्वांत मोठा नोंदलेला स्मॉलमाउथ ९ जुलै १९५५ रोजी याच तळ्यात डेव्हिड हेज यांना मिळाला. वजन ११ पौंड १५ औंस, म्हणजे सुमारे ५.४ किलो. तो विक्रम अजून कायम आहे.

या माशाचे शास्त्रीय नाव ‘मायक्रॉप्टेरस’. अर्थ: लहान पंखाचा. खरे तर याचा पंख काही लहान नसतो. १८०२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद यांनी हे नाव ठेवले, तेव्हा त्यांच्यासमोरच्या नमुन्याचा पंख दुखावलेला होता. चुकीचे नाव एकदा नोंदले गेले की पुढे सगळ्यांना तेच चालवावे लागते. आमच्या धंद्यातही नेमके हेच होते.

२. थंडीत मासा काय करतो?

आपले शरीर आतून ऊब तयार करते. बाहेर बर्फ असो की ऊन, आपण ३७ अंशांवर. माशाचे तसे नाही. जेवढे पाणी थंड, तेवढाच मासा थंड. त्या दिवशी पाण्याचे तापमान ४६ अंश फॅरनहाइट होते, म्हणजे सुमारे ८ अंश सेल्सियस. अशा पाण्यात माशाचे पचन मंदावते, भूक कमी होते आणि पाठलाग करण्याची ताकद उरत नाही. उन्हाळ्यात जो मासा भक्ष्यावर झडप घालतो, तोच आता खडकाजवळ खोल पाण्यात अधांतरी तरंगत राहतो. तळाशीही नाही आणि वरही नाही.

त्याच पाण्यात ‘शॅड’ नावाचे लहान चंदेरी मासे असतात. त्यांतल्या थ्रेडफिन जातीला थंडी सोसत नाही. पाणी फार गार झाले की ते गळपटतात आणि पुष्कळसे मरतात. असा अर्धमेला शॅड पाण्यात एकाच जागी हळूहळू थरथरत असतो. सुस्तावलेल्या बासला याहून सोपे जेवण कोणते? तोंड उघडायचे, बस्स.

म्हणजे आपल्याला काय करायला हवे? १० फूट खोलीवर, एकाच जागी, थरथरणारे काहीतरी टांगून ठेवायला हवे.

३. जिग आणि बोया

‘जिग’ म्हणजे शिशाचा बारीक गोळा ओतलेला गळ. त्याला मऊ केस किंवा पिसे बांधतात, ती पाण्यात नुसत्या हेलकाव्याने हलतात. आमच्या जिगचे वजन होते एक औंसाचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे १.८ ग्रॅम. एवढी हलकी वस्तू नुसती फेकली तर ती बुडत बुडत तळाला जाते, आणि ओढली तर वर येते. १० फुटांवर थांबत नाही. म्हणून वर एक बोया लावायचा. बोया पाण्यावर, जिग १० फूट खाली, मध्ये बारीक तंगूस. वाऱ्याने लाट आली की बोया खालीवर होतो आणि त्याच्याबरोबर जिगही थरथरतो. मेहनत वाऱ्याची, आपण फक्त पाहायचे.

इथे एक अडचण येते. बोया तंगुसाला पक्का बसवलेला असतो, त्यामुळे तो काठीच्या कड्यांतून आत येत नाही. फेकताना १० फूट तंगूस खाली लोंबत असते. काठी आखूड असेल तर जिग होडीतच घोटाळतो. म्हणून या प्रकाराला ९ फुटांच्या आसपासची लांब, लवचीक काठी वापरतात. लवचीक अशासाठी, की ४ पौंडांचे बारीक तंगूस माशाच्या हिसक्याने तुटू नये. हिसका काठीने सोसायचा.

बोया आपल्याशी बोलत असतो. त्याची भाषा सोपी आहे:
बोया एकदम खाली गेला, तर माशाने जिग तोंडात घेऊन खाली ओढला.
बोया आडवा पडला, तर त्याच्यावरचे वजन गेले. एकतर जिग तळाला टेकला, नाहीतर मासा तो घेऊन वर येत आहे.
बोया वाऱ्याच्या उलट सरकू लागला, तर वाट पाहू नका.

४. थोडे गणित

आमचा बोया १ इंच व्यासाचा गोल होता. त्याचे घनफळ सुमारे ८.६ घन सेंटीमीटर. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे तो पूर्ण बुडण्यासाठी त्यावर एकूण ८.६ ग्रॅम भार हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बोया भरला २ ग्रॅम. त्यात जिगचे १.८ मिळवा. झाले ३.८ ग्रॅम. म्हणजे माशाने आणखी ४.८ ग्रॅमची ओढ दिली की बोया गेलाच पाण्याखाली. अमेरिकेतले निकेलचे नाणे बरोबर ५ ग्रॅमचे असते. एक निकेल तळहातावर ठेवून पाहा. सुस्त मासा एवढ्याच हलक्या हाताने जिग उचलतो. बोया मोठा घेतला तर ते आपल्याला कळणारच नाही.

५. होडीत काय झाले

आता गोष्ट. होडी आमच्या शेजारच्या काकांची. काका अमेरिकन, निवृत्त, हिवाळाभर याच तळ्यावर असतात. पाहुणे म्हणजे आमचे सासरे, मालवणचे. जन्मभर गरी टाकलेला माणूस. इथल्या थंडीत घरात बसून कंटाळले होते. आजोबांना इंग्रजी जेमतेम, काकांना मराठी शून्य. आम्ही सुकाणूजवळ बसून थर्मास सांभाळत होतो, तेव्हा दुभाषाचे काम १२ वर्षांच्या चिरंजीवांवर आले. हे तेच चिरंजीव, जे दर शनिवारी गाडीत विचारतात, “मराठीचा उपयोग काय?”

पहिला प्रसंग धक्क्यावरच आला. काकांनी सगळ्यांना लाइफ जॅकेट दिले. आजोबा म्हणाले, “माका नको. सोळाव्या वर्षापासून होडीत आहे मी.” कायद्याने चालत्या होडीत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना जॅकेट घालावेच लागते, मोठ्यांसाठी ते होडीत असले तरी चालते. पण काकांनी दोर सोडलाच नाही. ते मुलाला म्हणाले, आजोबांना नीट समजावून सांग, की हे पाणी वेगळे आहे. इतक्या गार पाण्यात माणूस पडला तर पहिले मिनिट नुसता धापा टाकतो. तेव्हा नाकातोंडात पाणी गेले की संपले. त्यानंतर हातपाय धड चालतात ते साधारण १० मिनिटे. पुढे उत्तम पोहणाऱ्याचेही हात ऐकत नाहीत. बेशुद्ध व्हायला तासभर लागतो, पण जॅकेट नसेल तर तो तास मिळतच नाही.

चिरंजीवांनी सुरुवात केली. ‘धापा’ हा शब्द येईना, म्हणून स्वतःच धापा टाकून दाखवल्या. आजोबा हसले. म्हणाले, “तुझ्या काकांना सांग, दर्याने मला कधी बुडवलं नाही.” पोरगा काकांकडे वळलाच नाही. तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही पडलात तर मला तुम्हाला वर ओढता येणार नाही. माझी हात लहान आहेत.”

‘माझे हात’ म्हणायला हवे होते, हे आम्हालाही कळते. पण त्या वेळी कुणीच चूक सुधारली नाही. आजोबांनी मुकाट्याने जॅकेट घातले आणि बंद पोराकडून लावून घेतले.

दुसरा प्रसंग दुपारी. चार तासांत बोया दोनदा आडवा पडला, दोन्ही वेळा तळच लागला. तिसऱ्यांदा आजोबांचा बोया अलगद खाली गेला. त्यांनी हिसका दिला नाही, नुसते मनगट उचलले. काका ‘आहा’ म्हणाले, त्याला दुभाषा लागला नाही. काशाच्या रंगाची, अंगावर उभे पट्टे असलेली चांगली मोठी मादी होती. आजोबांना वाटले, रात्रीची सोय झाली. काकांनी हात ओले केले, मासा धरला, गळ काढला आणि पाण्यात सोडून दिला.

आजोबा चिडले. “सोडायचा होता तर धरला कशाला? विचार त्यांना.”

चिरंजीवांनी विचारले. काकांचे उत्तर असे: हा मासा सावकाश वाढतो, एवढा व्हायला पुष्कळ वर्षे लागतात. वसंतात ही मादी अंडी घालील. लहान मासे खा, आई राहू दे. आणि माशाला त्रास होत नाही असे मी म्हणणार नाही. म्हणून हात ओले करतो आणि त्याला पाण्याबाहेर थोडाच वेळ ठेवतो.

पोराने हे सगळे मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्यांना सांग, आमच्याकडेही पावसाळ्यात दर्याला हात लावत नाहीत. मासे अंड्यावर असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात, मग होड्या बाहेर पडतात.” महाराष्ट्रात आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. आजोबांच्या लहानपणी ती रूढीच होती. काकांनी दोनदा विचारून ते नीट समजून घेतले, आणि उरलेला दिवस त्या दोघांचे बोलणे थांबेना. दुभाषा संध्याकाळी गाडीत बसताक्षणी झोपला. त्या शनिवारनंतर “उपयोग काय” हा प्रश्न गाडीत आलेला नाही. पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.

६. भाषेकडे वळू

तो गळ: मासे धरण्याचा आकडा. “आजोबांनी गळ टाकला.”
ती गळ: आग्रह. “नातवाने गळ घातली.” शब्द एकच दिसतो, पण लिंग बदलले की अर्थ बदलतो.
गरी: कोकणात गळाला म्हणतात. त्यावरून ‘गरवणे’, गरीने मासे धरणे.
तंगूस: नायलॉनचा पारदर्शक दोरा.
आमिष: मूळ अर्थ मांस. म्हणून शाकाहारी जेवण ते ‘निरामिष’. ‘आमिष दाखवणे’ म्हणजे लालूच दाखवणे.
गळाला लागणे: फसून ताब्यात येणे.

७. स्वाध्याय

१. दीड इंच व्यासाच्या बोयाचे घनफळ काढा. तो ४ ग्रॅमचा असेल आणि जिग तोच असेल, तर तो बुडवायला माशाला किती ओढ द्यावी लागेल? किती निकेल?
२. बोया वाऱ्याच्या उलट दिशेला का सरकला असेल? दोन वाक्यांत लिहा.
३. ‘गळ टाकणे’ आणि ‘गळ घालणे’ वाक्यांत वापरा. लिंग सांभाळा!
४. आजीला किंवा आजोबांना फोन करा. त्यांच्या गावी मासे, शेती किंवा झाडे यांबाबत ‘या दिवसांत हात लावायचा नाही’ असा कोणता नियम होता, ते विचारा. उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून पुढच्या शनिवारी आणा.

पालकांसाठी एकच सूचना: टेनेसीत १३ वर्षे झाली की मासेमारीचा परवाना लागतो, पाहुण्या आजोबांनाही. माशांच्या मापाचे आणि संख्येचे नियम तळ्यागणिक वेगळे असतात, तेव्हा जाण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम वाचा. आणि जॅकेट सगळ्यांनी घाला. आजोबांनीसुद्धा.