अखेरच्या घटकेची सोबत



नमो मरियेच्या प्रार्थनेत आपण रोज आपल्या मरणाच्या घटकेसाठी विनंती करतो. त्या घटकेला आपल्या उशाशी कोण असेल? मुले नोकरीनिमित्त दूर असतात, त्यामुळे अनेक वृद्धांची अखेर आता वृद्धाश्रमात होते. रात्री जवळ असते ती तिथली मावशी. तिला काही शिकवलेले नसेल तर श्वास बदलताच ती घाबरते. मग धावपळ होते आणि आजी ओळखीच्या खाटेऐवजी अनोळखी वॉर्डात प्राण सोडतात. म्हणून माया असली तरी शिक्षणही हवे.

डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाचे दुःख शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि आत्म्याचेही असते, हे त्यांनी शिकवले. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. आजार बरा होणार नसला तरी वेदना कमी करणे, यालाच परिहार सेवा म्हणतात.

वृद्धाश्रमातील सेवकांनी काय शिकावे?

१. बोलता न येणाऱ्याची वेदना चेहऱ्यावरून, कण्हण्यावरून ओळखावी आणि नर्सला लगेच कळवावी.
२. कूस वेळोवेळी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.
३. अखेरच्या दिवसांत भूक मंदावते. बळेच भरवल्यास घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ व तोंड ओले ठेवावे.
४. श्वास थांबून थांबून येणे, हातपाय गार पडणे ही अखेर जवळ आल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी घरच्यांना बोलवावे, हात धरून बसावे, ऐकू येते असे समजून बोलावे.

वेदनाशामक औषध देणे म्हणजे मरण देणे, असा काहींचा समज असतो. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले की, मारण्याचा हेतू नसेल तर वेदना शमवण्यासाठी असे औषध देता येते. परिहार सेवा हा निःस्वार्थ प्रीतीचा खास प्रकार आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. इच्छामरणाला मात्र ख्रिस्तसभेचा ठाम नकार आहे.

मग आपण काय करावे? आईवडिलांसाठी आश्रम निवडताना जेवण आणि खोली पाहतो, तसेच विचारू या: इथल्या सेवकांना हे शिक्षण दिले आहे का? रात्री कोण असते? धर्मगुरूंना बोलावतात का? आजारी माणूस शुद्धीत असतानाच धर्मगुरूंना कळवू या. तैलाभ्यंग हा केवळ शेवटच्या श्वासाचा संस्कार नव्हे. पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद घेण्याइतके भान त्यांना असू द्यावे.

येशू आणि मरियामाता यांच्या सहवासात संत जोसेफ यांनी देह ठेवला, अशी आपली परंपरा सांगते. म्हणून ते चांगल्या मरणाचे आश्रयदाते. आपल्या वृद्धांची सेवा करणाऱ्या हातांसाठी या रविवारी त्यांच्याकडे प्रार्थना करू या.