विखुरलेली कुरणे आणि फुलपाखरांचे स्थलांतर

बाल्टिक समुद्रातील आलांड बेटे फिनलंडमध्ये मोडतात. तेथे सुमारे ४,००० लहान, कोरडी कुरणे विखुरलेली असून ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी हे फुलपाखरू त्यांवर वस्ती करते. इल्का हान्स्की (१९५३–२०१६) या शास्त्रज्ञाने या कुरणांचा अनेक वर्षे पद्धतशीर अभ्यास केला.

त्यातून असे दिसून आले, की एका वेळी त्यांपैकी थोड्याच कुरणांत फुलपाखरे असतात. अवर्षण, सुरवंटांच्या अंगात वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या किंवा केवळ संख्येची अल्पता यांमुळे दरवर्षी काही वसाहती नष्ट होतात. तथापि शेजारच्या कुरणांतून उडत आलेल्या माद्या रिकाम्या जागी अंडी घालतात आणि तेथे नवी वसाहत उभी राहते. अशा रीतीने कोणतीही एक वसाहत चिरस्थायी नसली, तरी वसाहतींचा समूह टिकून राहतो. अशा समूहाचे गणित रिचर्ड लेव्हिन्स यांनी १९६९ मध्ये मांडले.

मग स्थलांतर जितके अधिक, तितके हितावह असे समजावे काय? तसे नाही. ये-जा फार वाढल्यास सर्व वसाहतींच्या संख्येतील चढउतार एकाच वेळी होऊ लागतात; त्या सर्व एकदम क्षीण झाल्या, तर रिकाम्या जागा भरून काढण्यास कोणी उरत नाही. उलटपक्षी, कुरणे परस्परांपासून फार दूर पडली, तर उजाड झालेले कुरण पुन्हा वसत नाही. म्हणून एखादेच कुरण राखून भागत नाही. फुलपाखराच्या उड्डाणाच्या टप्प्यातील अनेक कुरणे, आज रिकामी दिसणारीसुद्धा, राखावी लागतात.