इस्त्रीची तिसरी तार

पनवेलचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. जूनमध्ये एकदा सुरू झाला, की भिंतींना ओल येते, जमीन दमट राहते. दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. मग आपण काय करतो? ओलसर सदरा घेतो आणि त्यावर विजेची इस्त्री फिरवतो.

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक मावशी येतात. घरी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून त्या चार पैसे मिळवतात. एके दिवशी त्या म्हणाल्या, "माझ्या इस्त्रीनं हाताला मुंग्या येतात बघा. पावसाळ्यात तर जास्तच. मी आपली पायाखाली गोणपाट घेते अन् काम करते."

आम्ही विचारले, "इस्त्रीच्या वायरीला पिना किती आहेत?"

"दोन. सासूबाईंच्या वेळची इस्त्री आहे ती."

"मावशी, तो विजेचा झटका आहे. आज लहान आहे. उद्या गोणपाट भिजलेलं असलं, तर तोच जीव घेईल. आजपासून ती इस्त्री लावू नका."

त्या दिवशी आम्ही वर्गात इस्त्रीचाच पाठ घेतला. तो येथे देत आहोत.

वीज आणि तिची वाट

पनवेलहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघाले, की घाटाच्या पायथ्याशी खोपोली लागते. तेथे १९१५ साली टाटांचे पाण्यावर चालणारे वीजघर सुरू झाले. तेथली वीज तारांवरून मुंबईला गेली. म्हणजे वीज शंभराहून अधिक वर्षे आपली शेजारीण आहे. शेजारणीचा स्वभाव आपण ओळखला पाहिजे.

घरातली वीज २३० व्होल्टची असते. सोपे करून सांगायचे, तर ती एका तारेने येते आणि काम करून दुसरीने परत जाते. येणाऱ्या तारेला फेज म्हणतात, परतीच्या तारेला न्यूट्रल. इस्त्रीच्या पोटात तापणारी तार असते. तिच्याभोवती अभ्रक असते, म्हणून बाहेरच्या लोखंडात वीज उतरत नाही. पण अभ्रक फुटते, वायरीचे वेष्टण झिजते. मग वीज लोखंडात येते. आपण हात लावला, की ती आपल्या अंगातून जमिनीत जाऊ पाहते. पाय ओले असले, तर तिची वाट अधिकच सोपी होते.

कौलावरचे पाणी घरात येऊ नये, म्हणून आपण पन्हळ लावतो. तिसरी तार ही विजेची पन्हळ आहे. तिचे एक टोक इस्त्रीच्या लोखंडाला असते. तेथून ती पिनेच्या मोठ्या खुंटीतून, सॉकेटातून आणि भिंतीतल्या तारेतून थेट जमिनीत पुरलेल्या पत्र्याला किंवा नळीला पोचते. यालाच अर्थिंग म्हणतात. चुकार वीज या वाटेने जाते आणि अर्थिंग चांगले असेल, तर फ्यूज उडतो. माणूस वाचतो.

वायर कशी बदलावी

१. पिन सॉकेटातून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. इस्त्री पूर्ण थंड होऊ द्या.

२. इस्त्रीवरच्या पट्टीवर वॅट वाचा. समजा १००० वॅट आहेत. त्याला २३० ने भागले, की सुमारे साडेचार अँपिअर येतात. याला ६ अँपिअरची तीन खुंट्यांची पिन पुरते. दुकानदाराला वॅट सांगा आणि इस्त्रीची तीन तारांची, सुती वेष्टणाची वायर मागा. आय.एस.आय.ची खूण पाहून घ्या.

३. रंग ओळखा. नव्या वायरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची, आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. जुन्या वायरीत लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची.

४. इस्त्रीचे मागचे झाकण उघडा. जुन्या दोन तारा कोठे होत्या ते कागदावर काढून ठेवा. फेज आणि न्यूट्रल त्याच जागी बसवा. हिरवी तार इस्त्रीच्या लोखंडाला, स्वतंत्र स्क्रूखाली, घट्ट बसवा. तेथला गंज आणि रंग आधी खरवडून काढा.

५. पिनेत एल, एन आणि ई ही इंग्रजी अक्षरे असतात. एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, ई म्हणजे अर्थिंग. हिरवी तार मोठ्या खुंटीला जाते. ती आत थोडी लांब ठेवा, म्हणजे वायरीला हिसका बसला तरी ती शेवटी सुटेल. वायर दोन्ही टोकांना पट्टीखाली आवळा. तांब्याचा एकही केस बाहेर राहू नये.

६. वीज जोडण्यापूर्वी वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. मोठी खुंटी आणि इस्त्रीचे लोखंड जोडलेले दिसले पाहिजे. उरलेल्या दोन खुंट्या लोखंडाला जोडलेल्या दिसल्या, तर इस्त्री आतून बिघडली आहे. ती वापरू नका.

हे काम पहिल्यांदा जाणत्या माणसासमोरच करा.

पन्हळ कोठे जाते?

मावशींनी नवी वायर घातली. इस्त्री तपासली, ती ठीक निघाली. अभ्रक शाबूत होते, जुनी वायरच आत झिजली होती. पण वायरमनने भिंतीतला सॉकेट उघडला, तेव्हा मोठ्या भोकामागे तारच नव्हती! बाहेरून तीन भोके, आत दोनच तारा. पन्हळ होती, पण तिचे तोंड घरातच!

जुन्या घरांत असे पुष्कळदा आढळते. म्हणून सॉकेटही तपासून घ्या. घरातल्या तारांचे काम परवाना असलेल्या वायरमननेच करावे. कोणी म्हणेल, "अर्थिंग नाही ना? मग न्यूट्रललाच जोडून देतो." त्याला साफ नाही म्हणा. न्यूट्रल कोठे तुटली, तर सगळी इस्त्री २३० व्होल्टची होईल. नळाच्या पाइपालाही तार बांधू नका. त्या नळावर शेजारचे मूल हात धूत असेल.

जमल्यास मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवून घ्या. वीज जमिनीकडे गळू लागली, की ते आपोआप बंद पडते. अर्थिंग मात्र तरीही हवेच.

काही वस्तूंवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी वेष्टण असते. त्यांना तिसरी तार लागत नाही.

कोणाला वीज चिकटली, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर सारा. १०८ क्रमांकाला फोन करा.

मावशींच्या घरी आता अर्थिंग झाले आहे. त्या दिवशी पिनेतली तीन अक्षरे त्यांनी स्वतः वाचली. वही उघडून म्हणाल्या, "ही तीन मला पुन्हा लिहून द्या. शेजारच्या घरची पिन बघायची आहे."

सांगा आणि करा

१. पाय ओले असताना झटका जोराचा का बसतो?

२. अर्थिंगची तार न्यूट्रलला का जोडू नये?

३. तुमच्या इस्त्रीवरचे वॅट वाचा. किती अँपिअर होतात ते काढा.