धावत्या क्षणाचे चित्र

रायगड जिल्ह्यात कबड्डी ठाऊक नाही असा मुलगा किंवा मुलगी शोधूनही सापडणार नाही. पनवेल येथे २०१६ साली महानगरपालिका झाली, शहराभोवती उंच इमारती उठल्या. तरी तालुक्यातील गावोगावी संध्याकाळच्या वेळी मातीचे मैदान झाडले जाते, फक्कीने रेषा आखल्या जातात आणि दिवे लागेपर्यंत मैदानाभोवती माणसांचे कडे उभे राहते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. एवढ्याशा जागेत एका बाजूस सात गडी आणि त्यांच्यावर चाल करून जाणारा एकटा चढाईपटू! त्याला मुदत असते ३० सेकंदांची. परंतु त्या ३० सेकंदांतही ज्याच्यासाठी लोक जीव मुठीत धरून उभे असतात, तो काळ फारच थोडा असतो. दोघांनी घोट्याला मिठी मारली आहे, तिसरा कमरेवर तुटून पडला आहे आणि चढाईपटू अंग झोकून देऊन हाताची बोटे मध्यरेषेला टेकवीत आहे, एवढाच तो काळ. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो संपून गेलेला असतो.

गावच्या सामन्यावर दूरचित्रवाणीचे कॅमेरे रोखलेले नसतात. तो क्षण पुन्हा दाखविण्याची सोय तेथे नाही. दुसऱ्या दिवशी उरते ती गुणपत्रिकेतील नोंद आणि, कोणी जाणता छायाचित्रकार हजर असलाच तर, एक चित्र. खेळाडूच्या घरी भिंतीवर पुढे वर्षानुवर्षे तेच चित्र राहते. ते नीट निघाले नाही, तर दुसरे मिळावयाचे नाही.

आणि ते पुष्कळदा नीट निघत नाही. कधी चित्रात हाताच्या जागी नुसता धुरकट फराटा दिसतो. कधी हात रेखीव येतो, पण सारे चित्र काळोखात बुडालेले असते. कधी प्रकाश पुरेसा असतो, रेषाही स्वच्छ असतात. मात्र त्या खेळाडूच्या नव्हेत, तर त्याच्यामागे बसलेल्या प्रेक्षकांच्या! या तीन दोषांची कारणे निरनिराळी आहेत. आजचे कॅमेरे बहुतेक निर्णय आपले आपण घेतात हे खरे. पण समोर खुर्चीवर बसलेले पाहुणे आहेत की झेपावणारा चढाईपटू आहे, हे यंत्राला खात्रीने ठरविता येत नाही. ते आपल्याला ठाऊक असते. म्हणून खेळाचे चित्र घेताना कॅमेऱ्याची सूत्रे आपल्या हाती घ्यावी लागतात.

कॅमेरा ही मुळात एक काळोखी पेटी आहे. तिच्या पुढील बाजूस भिंग आणि मागील बाजूस प्रकाश टिपणारा पडदा. पूर्वी त्या जागी फिल्म असे, आता संवेदक असतो. या पडद्यावर योग्य तेवढाच प्रकाश पडला पाहिजे. नळाखाली घागर भरण्यासारखेच हे आहे. तोटी किती उघडावी, किती वेळ उघडी ठेवावी आणि घागर केवढी घ्यावी, या तिन्हींचा मेळ बसला की घागर काठोकाठ भरते. भिंगातील छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर, ही झाली तोटी. शटर ही झडप ठरलेला वेळ उघडते आणि मिटते. आणि संवेदकाची संवेदनक्षमता, जिला आयएसओ म्हणतात, ती वाढविणे म्हणजे लहान घागर घेणे. ती थोड्या पाण्यातच भरते. ज्या गावांत नळाला घटकाभरच पाणी येते, तेथील मुलांना हा हिशेब अधिक लवकर कळेल.

खेळासाठी या तिघांपैकी पहिला मान शटरचा. का, ते थोड्या गणिताने पाहू. चढाईपटू परत फिरताना सेकंदाला ५ मीटर वेगाने सरकला असे समजा. शटर सेकंदाचा ५० वा भाग, म्हणजे १/५० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात तो १० सेंटिमीटर पुढे जातो. त्याचा हात चित्रात वीतभर नव्हे, तरी चार बोटे फासला जाणार! तेच शटर १/५०० सेकंद ठेवले, तर तो केवळ १ सेंटिमीटर सरकतो. १/१००० ला अर्धा सेंटिमीटर. शिवाय धडापेक्षा हातपाय अधिक वेगाने हलतात. म्हणून कबड्डीला १/५०० ही खालची मर्यादा समजावी आणि प्रकाश असेल तर १/१००० गाठावे. क्रिकेटचा चेंडू याहून अवघड. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. त्याचा व्यास साधारण ७ सेंटिमीटर. १/१००० सेकंदात तो ४ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे चित्रात गोल चेंडूऐवजी लांबट अंडे दिसते. तो गोल दिसावा असे वाटत असेल तर १/२००० किंवा त्याहूनही कमी वेळ हवा.

माणसाच्या डोळ्याला हे क्षण मुळी वेगळे करताच येत नाहीत. धावत्या घोड्याचे चारही पाय कधी एकदम जमिनीवरून सुटतात काय, यावर पाश्चात्त्य देशांत पुष्कळ काळ वाद चालला होता. १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे मांडून घोड्याची लागोपाठ चित्रे घेतली. चारही पाय खरोखरच सुटतात असे दिसले. पण चित्रकार रंगवीत तसे ते त्या वेळी पुढेमागे ताणलेले नसतात, तर पोटाखाली गोळा झालेले असतात. शतकानुशतके लोक घोडे पाहत होते आणि चुकीचे रंगवीत होते.

आता शटर लवकर मिटले की प्रकाश कमी पडणार, हे उघड आहे. ती तूट दुसरीकडून भरून काढावी लागते. भर उन्हात ही अडचण भासत नाही. जुने छायाचित्रकार एक ठोकताळा सांगतात: स्वच्छ ऊन असेल, तर छिद्र एफ १६ ठेवावे आणि आयएसओचा जो आकडा असेल तितकाव्या भागाइतका वेळ शटर उघडावे. आयएसओ २०० असेल तर १/२०० सेकंद. येथे मौज अशी की एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. कारण भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून तो आकडा काढलेला असतो. एफ १६, ११, ८, ५.६, ४, २.८ अशा एकेका पायरीला प्रकाश दुप्पट होतो. म्हणून त्याच उन्हात एफ ५.६ ठेवले, तर तीन पायऱ्या चढून १/१६०० सेकंद मिळतो. कबड्डीला तो हवा त्याहून अधिकच आहे.

पण पनवेलचा पावसाळा तुम्हांला ठाऊक आहे. प्रबळगड ढगांत गेला, कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसेनासा झाला, की दुपारीही प्रकाश उन्हाच्या अष्टमांशावर येऊ शकतो. मग १/१६०० चे १/२०० होते आणि फराटे उमटू लागतात. अशा वेळी आयएसओ २०० वरून ८०० वर न्यावा. चौपट संवेदनक्षमतेमुळे शटर पुन्हा १/८०० वर येते.

छिद्र मोठे करण्याची किंमत वेगळीच आहे. छिद्र जितके मोठे, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. ८५ मिलिमीटरचे भिंग आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाचा संवेदक घेऊन ८ मीटरवरील खेळाडूवर फोकस धरला, तर एफ ८ ला सुमारे साडेचार मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, एफ २.८ ला तो सुमारे दीड मीटरच उरतो. यात तोटा आहे आणि लाभही आहे. मागचे फलक, मोटारी, गर्दी ही सारी विरघळून जाते आणि खेळाडू तेवढा उठून दिसतो. पण फोकस हातभर चुकला, तर विरघळणारा खेळाडूच! यासाठी कॅमेऱ्यात सतत फोकस धरण्याची सोय असते, ती खेळासाठी सुरू ठेवावी. खेळाडू पुढेमागे सरकला तरी यंत्र त्याचा पाठलाग करीत राहते.

कोठे बसावे, हा प्रश्नही याच हिशेबात मोडतो. कॅमेऱ्यासमोरून आडवा धावणारा खेळाडू जितका फासला जातो, तितका कॅमेऱ्याकडे सरळ येणारा फासला जात नाही. चढाईपटू परत येतो तो आपल्या अंगणाकडे तोंड करून. तेव्हा त्याच्या बाजूच्या अंतिम रेषेमागे, कोपऱ्यालगत, मैदानापासून बेताच्या अंतरावर खाली बसावे. त्याचे सहकारी आड येत नाहीत, त्याचा चेहरा दिसतो आणि मध्यरेषेचा मधला भाग तेथून ८ मीटरांहून थोडा अधिक दूर असतो. बहुतेक लोक मध्यरेषेच्या टोकाशी गर्दी करतात. तेथून रेषा उत्तम दिसते, पण पुष्कळदा पकड करणाऱ्यांच्या पाठीच चित्रात येतात.

खरी कसोटी रात्री लागते. गावच्या मैदानावरील दिवे आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतात, कारण आपला डोळा काळोखाशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र तेथे एफ २.८ आणि आयएसओ ३२०० ठेवूनही जेमतेम १/५०० सेकंद मिळतो. ज्याच्याजवळ एफ ५.६ पर्यंतच उघडणारे साधे भिंग आहे, त्याला एक चतुर्थांश प्रकाशावर भागवावे लागते. मग आयएसओ आणखी वाढवावा, तर चित्रात वाळूसारखे दाणे उमटतात. मूळ प्रकाशच थोडा असल्याने त्याच्याबरोबर त्यातील खळबळही वाढते. न वाढवावा, तर हात फासला जातो. येथे लेखकाचे मत स्पष्ट आहे: दाणे पत्करावेत. दाणेदार चित्रात मध्यरेषेवर टेकलेली बोटे दिसतात. फासलेल्या चित्रात ती बोटे कोणत्याही उपायाने परत आणता येत नाहीत. फ्लॅशचा झोत टाकून ही अडचण सोडवू नये. ऐन पकडीच्या वेळी खेळाडूचे डोळे दिपविणे हा अन्याय आहे आणि अनेक खेळांत त्याला मनाईही असते.

रात्रीच्या दिव्यांची आणखी एक खोड आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि त्यामुळे काही प्रकारचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० च्या शटरला मात्र कळते. लागोपाठच्या दोन चित्रांत एक उजळ आणि एक मळकट, असे घडते. अशा वेळी कॅमेरा बिघडला असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

पनवेलहून हार्बर मार्गाच्या गाडीत बसले, की खारघर, बेलापूर मागे टाकून नेरूळ येते. तेथील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागारात २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि रात्र बरीच झाल्यावर संपला. दीप्ती शर्माच्या गोलंदाजीवर कर्णधार हरमनप्रीत कौर हिने दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा झेल घेतला आणि भारताने ५२ धावांनी प्रथमच हा चषक जिंकला. त्या क्रीडागाराचे दिवे गावच्या मैदानाच्या दिव्यांहून कितीतरी प्रखर. तेथे १/१००० किंवा त्याहून वेगाचे शटर रात्रीही परवडते. तोच कॅमेरा, तोच हात, पण दोन मैदानांवर आकडे निराळे. म्हणून दुसऱ्याचे आकडे पाठ करून जाणाऱ्याची फसगत होते.

आकडे जुळले तरी बोट वेळेवर दाबले पाहिजे. काही कॅमेरे सेकंदाला १० चित्रे घेतात, तेव्हा पुष्कळांना वाटते की बटण दाबून धरले म्हणजे काम झाले. पण दोन चित्रांमधील दहाव्या भागाच्या सेकंदात आपला चढाईपटू अर्धा मीटर पुढे गेलेला असतो, आणि रेषेला हात लागला तो नेमका या अर्ध्या मीटरात! १४ डिसेंबर १९६० रोजी ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी सामना बरोबरीत सुटला, तसा प्रकार कसोटीच्या इतिहासात प्रथमच घडत होता. जो सॉलोमनच्या फेकीने यष्टी उडाली, तो क्षण रॉन लव्हिट या छायाचित्रकाराने टिपला. सेकंदाला १० चित्रे घेणारे यंत्र त्याच्यापाशी नव्हते. खेळ कोणत्या दिशेने वळणार हे आधी ओळखल्यावाचून असे चित्र मिळत नाही. त्यासाठी खेळ कळावा लागतो.

खेळ कळणाऱ्याला मंद शटरनेही कधी कधी तगून जाता येते. वर उडी घेतलेला खेळाडू सर्वांत उंच बिंदूशी पोचतो, तेव्हा त्याचा वर जाण्याचा वेग शून्य होतो आणि खाली येण्याचा अजून सुरू झालेला नसतो. त्या निमिषात १/२०० सेकंदही पुष्कळदा पुरतो. सायकलस्वाराबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवीत १/६० ला चित्र घेतले, तर स्वार स्पष्ट राहतो आणि मागची झाडे रेघांसारखी वाहू लागतात. फासलेपण येथे दोष राहत नाही, वेग दाखविण्याचे साधन होते. मात्र यासाठी हाताला बराच सराव लागतो.

सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडू अंग मोकळे करीत असतात, ती वेळ छायाचित्रकाराच्या तयारीची. प्रथम शटर १/१००० ठरवावे, मग छिद्र उघडावे, शेवटी आयएसओ वाढवीत योग्य उजेड मिळवावा, आणि दोन-चार चित्रे घेऊन ती मोठी करून तपासावीत. सूर्य मावळू लागला की दर पाच-दहा मिनिटांनी आयएसओ पुन्हा पाहावा. दिवे लागल्यावर प्रकाश पुरेनासा झाला, तर शटर १/५०० पर्यंत खाली आणावे, त्याच्या खाली नाही. आणि मग कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून नजर काढून ती चढाईपटूच्या पायांवर ठेवावी, कारण तो वळणार कधी हे प्रथम त्याचे पाय सांगतात.

अभ्यास

१. धावपटू सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत आहे. १/१०० आणि १/८०० सेकंदात तो किती सेंटिमीटर पुढे जाईल?
२. चढाईपटूचे चित्र घेण्यासाठी लेखकाने कोपऱ्यालगतची जागा का सुचविली आहे? मैदानाची आकृती काढून दाखवा.
३. रात्रीच्या चित्रात दाणे पत्करावेत, या मताशी तुम्ही सहमत आहात काय? कारणे द्या.
४. तुमच्या गावातील एखाद्या खेळात कोणता क्षण चित्रात पकडावा असे तुम्हांस वाटते? त्याचे वर्णन आठ-दहा ओळींत लिहा.