सभेची वही

त्या ग्रामसभेत वाडीच्या रस्त्यावर आम्ही तासभर बोललो आणि सभेच्या वहीत रस्त्याचं नावसुद्धा आलं नाही. पंचायत कोणती ते सांगत नाही. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, अणशीच्या आसपासच्या रानातल्या वाड्यांवरून जी माणसं सभेला जातात, त्यांना यातलं निम्मं तरी ओळखीचं वाटेल.

झालं ते असं. दारातच एका वहीवर सह्या-अंगठे घेतले, हजेरी म्हणून. आम्ही बोललो कोकणीत, थोडं मराठीत. टिपणं झाली कन्नडमध्ये. पावसाळ्यात अडलेल्या बाईला डोलीत घालून ओहोळापलीकडे कसं न्यावं लागतं, ते बायकांनी सांगितलं तेव्हा सभा चिडीचूप झाली. साहेबांनीही मान डोलावली. पुढे तालुक्याला चौकशी केली तर उत्तर मिळालं, तुमच्या सभेनं अशी मागणीच केलेली नाही. माहिती अधिकारात नक्कल काढली. घरकुलांची यादी, नळाची दुरुस्ती, असे दोन-दोन ओळींचे ठराव आणि त्यांच्याखाली आमच्याच सह्या.

कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. सभा उठल्यावर लिहिणाऱ्याला जेवढं आठवलं तेवढं त्यानं लिहिलं असेल. पण वरच्या कचेरीला आपला आवाज ऐकू जात नाही, तिच्यापुढे वही जाते.

तेव्हा सभेच्या आधी अर्ज द्या. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. ‘कन्नडमध्येच आणा’ म्हणून कुणी परत पाठवलं तर राज्यघटनेचं 350वं कलम सांगा. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क त्यात दिला आहे. तरीही सोबत कन्नड प्रत जोडाच. आपल्याला काम करून घ्यायचंय, भाषेचं भांडण जिंकायचं नाही. वाडीवरचं हायस्कुलात जाणारं पोर हे लिहून देतं, आणि त्या निमित्तानं सभेत काय चालतं ते त्यालाही कळतं.

सभा संपताना ठराव मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, मग सही. ओळींच्या मधे मोकळी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारून घ्या, पानाचा फोटो काढा. लोक कंटाळतात, शेवटची बस गाठायची असते, हे मला माहीत आहे. म्हणून दोघातिघांनी शेवटपर्यंत थांबायचं, हे घरूनच ठरवून जावं. माहिती अधिकारात नक्कल मागायची वेळ आलीच तर कर्नाटकाचा नियम लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. आपली माणसं आजोबांपासूनची कहाणी लिहितात आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

आता रानातली खरी मेख. दांडेली अभयारण्य 1956चं, अणशी राष्ट्रीय उद्यान 1987चं, 2007मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. इथे पंचायतीनं ठराव केला तरी रस्ता तिच्या एकटीच्या हातात नसतो. वन हक्क कायद्याच्या, म्हणजे 2006च्या कायद्याच्या, कलम 3(2)मध्ये शाळा, अंगणवाडी, वीज, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा सोयी दिल्या आहेत. प्रत्येकीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी जास्तीत जास्त 75 झाडांची तोड, एवढ्या मर्यादेत जमीन देता येते. मात्र ग्रामसभेची शिफारस हवी. या कायद्यातली ही सभा गावातल्या सगळ्या प्रौढांची. तिला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. पंचायतीच्या सभेला इतकी माणसं लागत नाहीत, म्हणून तिचा ठराव इथे चालेल असं धरून बसू नका. अर्जात कलमाचा आकडा लिहा आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव कायद्याची आणखी कोणती परवानगी लागते, तेही वनखात्याला लेखी विचारा.

रस्ता मागायला गेलं की पुनर्वसनाची गोष्ट हमखास निघते. ‘एवढा त्रास आहे तर बाहेर का येत नाही?’ कुटुंबामागे दहा लाखांची रक्कम 2021मध्ये पंधरा लाख झाली. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं, त्यांना नावं ठेवू नयेत. पण वन्यजीव कायद्याचं 38 व्ही कलम म्हणतं की स्थलांतर स्वेच्छेनं असावं, त्याला ग्रामसभेची आणि त्या-त्या माणसांची समजून-उमजून दिलेली संमती हवी. एकाच कागदावर रस्ता आणि पुनर्वसन असे दोन विषय दिसले तर सही करू नका. वेगळा कागद मागा.

वन हक्क कायद्याखालच्या जमिनीच्या दाव्याचंही तेच, तो तिसरा कागद. गोव्यातल्या कुणबी, गावडा, वेळीप समाजांना 2003मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इकडच्या कुणब्यांची ती मागणी अजून चालूच आहे. म्हणून, जमातीत न मोडणाऱ्यांना लागतो तसा, आपल्याला 13 डिसेंबर 2005च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, इथेच असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो काळ मुंबई इलाख्याचा. जुन्या कागदावर तालुक्याचं नाव जोयडा नसून सुपा दिसेल. ते सुपा गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. नाव जुळत नाही म्हणून कागद फेकू नका. कागदच नसेल तर दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुराव्यात धरला जातो. तो ते हयात असतानाच घ्या.

आणखी एक. सभेची नोटीस भर आषाढातली आली, तर ओहोळापलीकडची माणसं येऊच शकत नाहीत आणि ज्यांचा रस्त्याचा प्रश्न तीच गैरहजर राहतात. नोटीस मिळाल्याबरोबर तारीख बदलून मागा, तीही लेखी.